कर्जाचा दर कोणत्या टप्प्यात पडतो? रेटिंग, गुणोत्तरं आणि कोकणातले हंगामी उद्योग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काजू कारखाना, आंबा कॅनिंग, बर्फाची फॅक्टरी, मासळी प्रक्रिया, किनाऱ्यावरचं छोटं हॉटेल अशा धंद्यांसाठी वीस-पंचवीस लाखांपासून दहा-बारा कोटींपर्यंत कर्ज घेणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. आपल्याकडचा धंदा हंगामी, आणि बँकेचे बरेचसे निकष बारमाही धंदा समोर ठेवून बनलेले. व्याजाचा टप्पा, म्हणजे रेटिंग किंवा गुणोत्तरानुसार ठरणारी दराची पायरी, बहुतेक वेळा घसरतो (आणि दर वाढतो) तो या विसंगतीमुळे. धंदा वाईट असल्यामुळे घसरतो असं नाही. म्हणून सही करण्यापूर्वी हे वाचा.

आमचा व्याजदर नेमका कशाचा बनलेला असतो?

मानक दर आणि त्यावर बँक लावते तो जादा दर, म्हणजे स्प्रेड, या दोन भागांचा. व्यापारी बँकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म व लघु उद्योगांची, आणि १ एप्रिल २०२० पासून मध्यम उद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जं बाहेरच्या मानकाला जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे पैसे देते तो) निवडला आहे. मानकातला बदल तीन महिन्यांतून किमान एकदा तुमच्या खात्यात उतरलाच पाहिजे.

टप्प्यांचा सगळा खेळ स्प्रेडमध्ये असतो. त्यातला एक भाग बँकेच्या खर्चाचा आणि नफ्याचा. तो बँक तीन वर्षांतून एकदाच वाढवू शकते. ग्राहक टिकवण्यासाठी कमी मात्र त्याआधीही करू शकते. दुसरा भाग तुमच्या पतजोखमीचा. तुमच्या पतमूल्यांकनात ठळक बदल झाला तरच, आणि करारात लिहिलं असेल त्याच पद्धतीने, तो बदलता येतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. शाखेत बसून वाद घालताना तेच कामी येतं.

नागरी सहकारी बँका, जिल्हा बँका, पतसंस्था आणि बिगर बँक वित्तीय कंपन्या यांना बाहेरच्या मानकाचा हा नियम लागू नाही. तिथे संस्थेचा स्वतःचा पायाभूत दर असतो. त्यामुळे रेपो उतरला तरी तुमचा हप्ता उतरेलच असं धरून चालू नका.

हे टप्पे लिहिलेले कुठे असतात?

मंजुरीपत्रात, व्याजाच्या कलमाखाली किंवा जोडपत्रात. छोट्या कर्जांत नुसतं ‘अंतर्गत रेटिंगनुसार’ एवढंच असतं. तसं असेल तर तक्ता लेखी मागा. नमुन्यादाखल एक तक्ता घेऊ, रेपो ५.२५ टक्के धरून. एकूण बाह्य देणी (इतरांना द्यायचं सगळं) भागिले निव्वळ मालमत्ता (धंद्यातलं मालकाचं स्वतःचं भांडवल) हे गुणोत्तर २ पर्यंत असेल तर रेपो अधिक ३ टक्के, म्हणजे ८.२५. गुणोत्तर २ ते ३ असेल तर ८.७५. ३ ते ४ असेल तर ९.५०. आणि ४ च्या वर गेलं की १०.५०.

पायऱ्या सारख्या नाहीत हे पाहिलंत का? वर जाताना पहिली पायरी अर्ध्या टक्क्याची, दुसरी पाऊण टक्क्याची, तिसरी पुऱ्या एक टक्क्याची. प्रत्यक्षातले तक्तेही असेच असतात, कारण पत खालावत जाते तसा कर्ज बुडण्याचा धोका वेगाने वाढतो. सरासरी एक कोटी वापरलेलं कॅश क्रेडिट (स्टॉक आणि येण्यांवर मर्यादेपर्यंत उचलता येणारं खेळतं कर्ज) आणि साठ लाखांचं मुदत कर्ज असेल, तर पाऊण टक्का म्हणजे वर्षाला एक लाख वीस हजार रुपये.

रेटिंग म्हणजे सिबिल स्कोअरच ना?

नाही. तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने बोलल्या जातात. पहिली पतमाहिती कंपन्यांची: मालकाचा वैयक्तिक स्कोअर ३०० ते ९०० मध्ये, आणि उद्योगाचा सिबिल एमएसएमई रँक १ ते १० मध्ये. इथे १ सर्वांत चांगला. स्कोअर जास्त असलेला बरा आणि रँक कमी असलेला बरा, हे उलटसुलट असल्यामुळे गोंधळ होतो.

दुसरी बँकेची स्वतःची अंतर्गत श्रेणी. पाच कोटींच्या आतल्या कर्जाचा टप्पा बहुतांशी हीच ठरवते. तिच्यात ताळेबंदाची गुणोत्तरं, खात्याचा व्यवहार, तारण, धंद्याचा प्रकार आणि मालकाचा अनुभव या सगळ्यांना गुण असतात. तिसरी सेबीकडे (शेअर आणि रोखे बाजाराचं नियामक मंडळ) नोंदणी असलेल्या पतमूल्यांकन संस्थांची श्रेणी: क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज वगैरे. एएए पासून खाली एए, ए, बीबीबी, बीबी, बी, सी आणि शेवटी डी. बीबीबी-मायनसपर्यंत गुंतवणूकयोग्य, त्याखाली नाही. किती रकमेवर ही बाहेरची श्रेणी मागायची, ते प्रत्येक बँक आपापल्या धोरणात ठरवते.

वैयक्तिक नोंदींत आपल्याकडे हमखास नडतं ते जामीनपण. भावकीतल्या कुणाच्या ट्रॉलरच्या कर्जाला तुम्ही जामीन असाल आणि तो थकला, तर त्याची नोंद तुमच्या अहवालातही येते. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो हंगामापूर्वी काढून बघा. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

आमची श्रेणी उतरली तर बँकेला काय फरक पडतो? पैसे तर आम्ही वेळेवर भरतो.

बँकेला प्रत्येक कर्जामागे स्वतःचं भांडवल बाजूला ठेवावं लागतं, आणि किती ते श्रेणीवर अवलंबून असतं. रिझर्व्ह बँकेच्या सध्याच्या नियमांत दीर्घ मुदतीच्या श्रेणीनुसार जोखीमभार, म्हणजे कर्जाचा किती टक्के भाग भांडवलाच्या हिशेबात धरायचा तो आकडा, असा आहे: एएए ला २० टक्के, एए ला ३०, ए ला ५०, बीबीबी ला १००, बीबी आणि त्याखाली १५०. दहा कोटींचं कर्ज घ्या. भांडवलाची गरज ११.५ टक्के धरली तर ए श्रेणीला बँक साडेसत्तावन्न लाख अडकवते, बीबीबीला एक कोटी पंधरा लाख, आणि बीबीला एक कोटी साडेबाहत्तर लाख. भांडवल महाग असतं, त्याची किंमत तुमच्या स्प्रेडमधून वसूल होते.

साडेसात कोटींपर्यंतचं कर्ज आणि पन्नास कोटींच्या आतली उलाढाल असेल तर ते सहसा किरकोळ गटात बसतं आणि जोखीमभार ७५ टक्केच लागतो. म्हणून कर्ज सात कोटींवरून आठ कोटींवर नेण्याआधी नव्या रकमेवर दर काय लागेल हे विचारून घ्या. शेवटच्या एका कोटीसाठी सगळ्या रकमेचा दर हलू शकतो.

बँक कोणती गुणोत्तरं बघते?

मुख्य तीन. एकूण बाह्य देणी भागिले निव्वळ मालमत्ता, ज्याला बँकेत सगळे ‘टीओएल बाय टीएनडब्ल्यू’ म्हणतात. मग डीएससीआर, म्हणजे कमाईतून हप्ते फेडण्याची ताकद. आणि करंट रेशो, म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी. मोठ्या कर्जांत कर्ज भागिले एबिटा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीची कमाई) हेही येतं.

करंट रेशोचा १.३३ हा आकडा खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठीच्या टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून आला. चालू मालमत्तेचा पाव हिस्सा मालकाने दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करायचा, उरलेला चालू देण्यांतून. शंभराला पंचाहत्तर, म्हणजे १.३३. कॅश क्रेडिटची मर्यादा पाच कोटींच्या आत असेल तर नायक समितीची पद्धत चालते: अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के बँकेचे, ५ टक्के तुमचे. तिथे १.३३ चा आग्रह सैल असतो, पण अंतर्गत श्रेणीत त्याचे गुण कापले जातातच.

धंदा चांगला चाललाय, तोटा नाही, तरी काजू कारखान्याचा टप्पा दरवर्षी का घसरतो?

कारण ३१ मार्च. सगळी गुणोत्तरं त्या एका दिवसाच्या ताळेबंदावर काढली जातात, आणि वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग या पट्ट्यात तो दिवस काजू बी खरेदीच्या ऐन भरात येतो. वर्षभराच्या कटिंगसाठी लागणारी बी पावसाआधी वाळवून गोदामात भरावीच लागते. म्हणजे स्टॉक सर्वांत जास्त आणि देणीही सर्वांत जास्त, नेमकी त्याच दिवशी.

आकड्यांत बघू. समजा निव्वळ मालमत्ता ८० लाख, मुदत कर्ज ६० लाख आणि घरच्यांकडून घेतलेले २५ लाख. सप्टेंबरअखेर कॅश क्रेडिट ५५ लाख वापरलेलं, बीवाल्यांची देणी १० लाख. एकूण बाह्य देणी १५० लाख, गुणोत्तर १.८८. वरच्या तक्त्यात हा पहिला टप्पा. ३१ मार्चला कॅश क्रेडिट १३५ लाख, देणी ४० लाख. एकूण २६० लाख, गुणोत्तर ३.२५. थेट तिसरा टप्पा. करंट रेशोचंही तेच. चालू मालमत्ता सप्टेंबरात ११५ लाख आणि चालू देणी, वर्षात भरायचे १४ लाखांचे हप्ते धरून, ७९ लाख: १.४६. मार्चमध्ये २२५ लाखांना १८९ लाख: १.१९. सोयीसाठी मुदत कर्ज आणि नफा दोन्ही तारखांना तेवढाच धरला आहे. एक रुपयाचा तोटा न होता सव्वा टक्का व्याज वाढलं.

यात कॅश क्रेडिटचा गैरवापर नाही. स्टॉक १९० लाख, त्यातून न दिलेली ४० लाखांची देणी वजा, २५ टक्के मार्जिन (मालकाने स्वतः घालायचा हिस्सा) कापून ११२.५ लाख, येणी ३० लाख, तेवढंच मार्जिन कापून २२.५ लाख. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे कॅश क्रेडिटमधून उचलता येणारी रक्कम, बरोबर १३५ लाख. नियमात राहूनच टप्पा घसरला.

मग यावर उपाय काय?

सर्वांत चांगला उपाय मंजुरीच्या वेळीच करायचा असतो. टप्प्याची चाचणी एका तारखेवर न ठेवता चार तिमाहीअखेरच्या सरासरीवर ठेवायला सांगा. ते मानलं नाही तर ३० सप्टेंबरच्या, सीएने तपासून दिलेल्या आकड्यांवर. सोबत मागच्या तीन वर्षांचा महिनावार स्टॉक आणि कॅश क्रेडिटचा वापर जोडा. बी कधी येते आणि गर कधी विकला जातो हे कागदावर दिसलं की क्रेडिट ऑफिसरला वर लिहायला आधार मिळतो. नुसतं ‘साहेब, आमचा हंगाम असतो’ म्हणून फाइल हलत नाही.

दुसरं, कॅश क्रेडिटच्या दोन मर्यादा मागा, हंगामाची आणि बिगर हंगामाची. वाढीव मर्यादा फेब्रुवारी ते जुलै-ऑगस्टपुरतीच राहिली की अंतर्गत श्रेणी काढताना हंगामी फुगवटा वेगळा दिसतो.

मार्चची खरेदी एप्रिलमध्ये दाखवण्याची युक्ती मात्र कुणी सांगितली तरी करू नका. शेतकऱ्याकडून घेतलेल्या न सोललेल्या काजूवर जीएसटी रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने) तुम्हालाच भरावा लागतो, आणि तो जीएसटीच्या महिन्याच्या विवरणात, म्हणजे ३बी मध्ये, दिसतो. स्टॉक स्टेटमेंट, ताळेबंद आणि ३बी यांचा मेळ बसला नाही की व्याजाचा प्रश्न बाजूला पडून विश्वासाचा प्रश्न उभा राहतो.

आंबा कॅनिंगवाल्यांचं गणित उलटं आहे. त्यांची खरेदी एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत; मार्चअखेर जुने डबे विकून झालेले, कर्ज सर्वांत कमी. त्यांनी चाचणी ३१ मार्चवरच ठेवून घ्यावी. करारात ‘प्रत्येक तिमाहीअखेर’ असं असेल तर ३० जूनला गाडी घसरणार हे आत्ताच ओळखा.

घरच्यांकडून घेतलेले पैसे कर्जात धरतात की भांडवलात?

काहीच लिहून दिलं नाही तर कर्जात. पण देणाऱ्याने बँकेला पत्र दिलं की बँकेचं कर्ज फिटेपर्यंत ही रक्कम परत घेणार नाही आणि तिचा हक्क बँकेनंतरचा राहील, तर बऱ्याच बँका ती भांडवलासारखी धरतात. वरच्या उदाहरणात मुंबईच्या भावाचे २५ लाख असे धरले तर देणी २३५ लाख, निव्वळ मालमत्ता १०५ लाख, गुणोत्तर २.२४. तिसऱ्यावरून दुसरा टप्पा, फक्त एका पत्रावर.

पण पत्र दिल्यावर गणपतीला आलेल्या भावाला त्यातले पाच लाख परत दिलेत, तर तो करारभंग ठरतो. भावालाही हे आधी नीट समजावून सांगा.

हायवेमुळे जागेची किंमत कितीतरी वाढली. ती निव्वळ मालमत्तेत धरत नाहीत का?

नाही. पुनर्मूल्यांकनाने वाढलेला राखीव निधी बँका निव्वळ मालमत्तेतून वजा करतात. गुडविलसारख्या अमूर्त गोष्टी वजा होतात आणि अनेक बँकांत भावाबहिणीच्या फर्ममध्ये गुंतवलेले पैसेही. जागेची वाढलेली किंमत तारणाच्या गुणांत उपयोगी पडते, पण सातबारा स्वच्छ असेल तरच. सामायिक सातबाऱ्यावर चौदा नावं असतील, किंवा जमीन भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरावर सरकारी निर्बंध असलेली) असेल, तर ती गहाण ठेवायला संमती आणि परवानगी लागते. त्यात महिने जातात. तारण कमी पडत असेल तर सीजीटीएमएसई हमीचा (सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कर्जाला पतहमी देणाऱ्या न्यासाचा) पर्याय आहे, १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटींपर्यंत. हमीचं वार्षिक शुल्क मात्र दरात मिळवूनच तुलना करा.

डीएससीआर कसा काढतात आणि कुठे फसतो?

निव्वळ नफा, घसारा आणि मुदत कर्जाचं व्याज यांची बेरीज. तिला वर्षाचे मुदलाचे हप्ते अधिक व्याज यांनी भागायचं. नफा १४ लाख, घसारा ८, व्याज ६, बेरीज २८. हप्ते १४ आणि व्याज ६, बेरीज २०. डीएससीआर १.४०. बहुतेक बँकांना १.२५ च्या वर हवा असतो, म्हणजे चांगलं आहे.

फसतं ते उचलीवर. मालकी किंवा भागीदारी फर्ममध्ये मालकाने घरखर्चासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी सहा लाख उचलले तर काटेकोर बँक ते वजा करते: २२ भागिले २०, म्हणजे १.१०. शिवाय तेच सहा लाख निव्वळ मालमत्तेतूनही जातात, म्हणजे एकाच उचलीने दोन गुणोत्तरं खराब होतात. घराचं बांधकाम धंद्याच्या खात्यातून करणाऱ्यांना हे फार महागात पडतं.

मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत हप्ता मागे पडला. एवढ्याने श्रेणी जाते?

जाऊ शकते. १ जून ते ३१ जुलै बंदी. बर्फाच्या फॅक्टरीचं उत्पन्न थांबतं, वीजबिलातला स्थिर आकार थांबत नाही. हप्ता थकल्या दिवसापासून खातं एसएमए-० मध्ये जातं (एसएमए म्हणजे थकबाकीमुळे विशेष लक्ष ठेवायचं खातं), ३० दिवसांनंतर एसएमए-१, ६० नंतर एसएमए-२ आणि ९० दिवस ओलांडले की अनुत्पादक, म्हणजे एनपीए. जूनचा आणि जुलैचा हप्ता राहिला की ऑगस्टच्या सुरुवातीला तुम्ही एसएमए-२ च्या दारात असता, म्हणजे नेमके बोटी पुन्हा समुद्रात जातात तेव्हा.

बाहेरची श्रेणी असलेल्यांना नियम अजून कडक आहे. मुदत कर्जाच्या हप्त्यात एक दिवस, एक रुपया उशीर झाला तरी ती थकबाकी मानून श्रेणी डी होते. कॅश क्रेडिट सलग ३० दिवसांपेक्षा जास्त मर्यादेबाहेर राहिलं तरी तेच. श्रेणी देणारी संस्था दर महिन्याला ‘थकबाकी नाही’ असं पत्र मागते. ते पाठवायचं राहिलं आणि माहितीही दिली नाही की श्रेणीपुढे ‘सहकार्य नाही’ असा शेरा लागतो, आणि बरेच करार त्या शेऱ्याला घसरणच समजतात.

उपाय मंजुरीच्या वेळचाच: मुदलाचे हप्ते बारा न ठेवता दहा ठेवा, ऑगस्ट ते मे. जून-जुलैत फक्त व्याज. पावसाळ्यात बंद राहणाऱ्या मालवण-तारकर्लीच्या पर्यटन व्यवसायांनीही हेच मागावं. नंतर हप्ते बदलून मागितले तर ती पुनर्रचना ठरू शकते आणि तिचा डाग राहतो.

टप्पा वाढला आणि वर दंडही लागला. दोन्ही चालतं का?

१ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना दंडात्मक व्याज लावता येत नाही. लावायचं तर वेगळं दंडशुल्क, वाजवी आणि आधी सांगितलेलं, आणि त्यावर पुन्हा व्याज चढत नाही. टप्पा वाढणं ही वेगळी गोष्ट. त्याला करारातलं कलम लागतं. स्टॉक स्टेटमेंटला दहा दिवस उशीर झाला म्हणून शुल्क लागलं तर ते शुल्क. त्याच कारणाने दरही एक टक्का वाढवला असेल, तर ‘पतमूल्यांकनात कोणता ठळक बदल झाला?’ असं लेखी विचारा.

सही करण्यापूर्वी कराराच्या कलमात काय बघायचं?

सगळ्यात आधी, तक्ता दोन्ही दिशांनी चालतो का. पुष्कळ मंजुरीपत्रांत श्रेणी घसरली तर दर वाढेल असं स्वच्छ लिहिलेलं असतं, सुधारली तर काय याबद्दल अवाक्षर नसतं. तिथे ‘श्रेणी सुधारल्यास, ताळेबंद सादर केल्यापासून ३० दिवसांत त्या टप्प्याचा दर लागू होईल’ हे वाक्य घालून घ्या.

मग व्याख्या बघा. देण्यांत काय धरलंय, घरच्यांचे पैसे कुठे टाकलेत, सीमेवरचा आकडा कोणत्या टप्प्यात जातो: ‘३ पर्यंत’ की ‘३ पेक्षा कमी’? ठीक ३.०० आलं तर वरच्या तक्त्यात पाऊण टक्क्याचा फरक पडतो. कागद न दिल्यास आपोआप सर्वांत वरचा टप्पा लागेल असं कलम असेल तर ताळेबंदाची मुदत तुमच्या सीएच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्या. ऑडिट सप्टेंबरअखेर होणार आणि करारात ३० जून लिहिलेलं, तर तीन महिन्यांचं जादा व्याज ठरलेलंच. मुदत कर्जासाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून मुख्य तथ्यपत्रक देणं बंधनकारक आहे. त्यात नसलेला आकार तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही.

गुणोत्तर सुधारलं तरी बँक दर उतरवत नाही. काय करावं?

ताळेबंदासोबत एक पानी हिशेब द्या: गुणोत्तर, करारातलं कलम, लागू होणारा टप्पा, तारीख. शाखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. श्रेणीचं नूतनीकरण वर्षातून एकदाच होत असेल तर मुदतीपूर्वी फेरआढावा मागता येतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा कलम पाळलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. दर किती असावा हा बँकेचा व्यापारी निर्णय. त्यावर लोकपाल बोलणार नाही. लिहिलेलं कलम पाळलं नाही, ही तक्रार मात्र होऊ शकते.

कर्ज दुसऱ्या बँकेत हलवलं तर मुदतपूर्व फेडीचं शुल्क लागतं?

१ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत झालेल्या बदलत्या दराच्या कर्जांवर, व्यापारी बँका सूक्ष्म व लघु उद्योगांकडून असं शुल्क घेऊ शकत नाहीत. स्मॉल फायनान्स बँका, ग्रामीण बँका, जिल्हा बँका आणि तिसऱ्या श्रेणीतल्या (टियर ३) नागरी सहकारी बँका यांच्यासाठी ही सूट ५० लाखांपर्यंतच्या मंजूर कर्जाला आहे. त्याआधीच्या कर्जाला जुना करार लागू. पण कॅश क्रेडिटचं नूतनीकरण दरवर्षी होतं, त्यामुळे ते बहुतेकांचं नव्या नियमात येईल. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग आहात हे दाखवणारी उद्यम नोंदणी चालू ठेवा.

हलवायचंच तर काजूवाल्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात हलवावं. तेव्हा कर्ज कमी असतं आणि सप्टेंबरचे आकडे हातात असतात. नव्या बँकेला गहाणखत, मूल्यांकन, कायदेशीर शोध आणि प्रक्रिया शुल्क असा खर्च येतोच. तो दोन वर्षांच्या व्याजबचतीत भरून निघत नसेल तर त्याच बँकेत टप्पा सुधारून घेण्यामागे लागणं जास्त फायद्याचं.